नकाशावर रिकामी दिसणारी जागा : प्रक्षेपण केंद्रांच्या इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉकेटबद्दल वाचणाऱ्या माणसाच्या मनात आधी रॉकेटबद्दलच प्रश्न येतात. ते कुठून सुटलं, ती जागा कुणी निवडली आणि त्याआधी तिथे काय होतं, हे प्रश्न मागाहून येतात. मला हे मागाहून येणारे प्रश्न जास्त महत्त्वाचे वाटतात. जगातलं जवळजवळ प्रत्येक प्रक्षेपण केंद्र अशा जागी आहे, जी राजधानीतल्या नकाशावर मोकळी दिसत होती. प्रत्यक्षात तिथे कुणी ना कुणी राहत होतं, जनावरं चारत होतं, मासे पकडत होतं. पुढची उत्तरं वाचताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येईल.

रॉकेट सोडायला इतकी आडबाजूची जागा का लागते?

रॉकेट वर जाताना स्वतःचे तुकडे खाली टाकत जातं. इंधन संपलेला प्रत्येक टप्पा सुटून पडतो आणि तो कुठे पडणार हे आधीच ठरवावं लागतं. उपग्रह नेणारं आपलं पीएसएलव्ही रॉकेट जमिनीवरून उठताना सुमारे ३२० टनांचं असतं आणि त्यात बहुतेक वजन इंधनाचं. काही बिघडलं तर हे सगळं कुणाच्या तरी डोक्यावर येऊ शकतं.

अमेरिकेला हे फार लवकर कळलं. महायुद्धानंतर जर्मनीतून आणलेली व्ही-२ रॉकेटं न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या वाळवंटातून उडवली जात. २९ मे १९४७ रोजी त्यातलं एक उत्तरेला जायचं ते दक्षिणेला वळलं आणि सरहद्द ओलांडून मेक्सिकोतल्या हुआरेस शहराजवळ, एका दफनभूमीच्या बाजूला आदळलं. माणूस दगावला नाही, पण परिणाम मोठा झाला. लांब पल्ल्याच्या चाचण्यांसाठी अमेरिकेची पहिली पसंती कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रोला होती. तिथून रॉकेटं मेक्सिकोच्या बाजूच्या कॅलिफोर्नियाच्या आखातावरून न्यायची होती, आणि हुआरेसनंतर मेक्सिकोने त्याला नकार दिला. बहामा बेटं तेव्हा ब्रिटनच्या ताब्यात होती. तिथे निरीक्षण ठाणी उभारायला ब्रिटनने होकार दिला आणि फ्लोरिडातलं केप कॅनव्हेरल पक्कं झालं. २४ जुलै १९५० रोजी तिथून पहिलं रॉकेट, बंपर-८, सुटलं. चंद्रावर माणूस गेला तो याच किनाऱ्यावरून.

विषुववृत्ताजवळ असण्याचा फायदा नेमका किती?

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगाने पूर्वेला सरकत असते. पूर्वेकडे सुटणाऱ्या रॉकेटला हा वेग फुकट मिळतो. जसजसं उत्तरेला किंवा दक्षिणेला जावं तसतसा तो कमी होतो. फ्रेंच गयानातल्या कुरूला तो ४६३ मीटर, श्रीहरिकोटाला सुमारे ४५२, कझाकस्तानातल्या बैकोनूरला ३२५ च्या आसपास, तर रशियाच्या उत्तरेकडल्या प्लेसेत्स्कला जेमतेम २१२.

कक्षेत राहायला सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेग लागतो, त्यापुढे हा फरक किरकोळ वाटेल. पण रॉकेटच्या हिशोबात दर शंभर मीटरमागे उपग्रहाचं वजन कमी करावं लागतं. दळणवळणाचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३६ हजार किलोमीटरवर ठेवायचे असतात. ते उत्तरेकडून सोडले तर कक्षेचा तिरकसपणा काढून टाकायला आणखी इंधन जातं. ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांना मात्र पृथ्वीच्या या वेगाचा उपयोग नसतो. म्हणूनच हेरगिरीचे आणि हवामानाचे उपग्रह उत्तरेतूनही बिनदिक्कत सोडले जातात.

मग सोव्हिएत संघाने बैकोनूर इतक्या उत्तरेला का निवडलं?

कारण ते उपग्रहांसाठी निवडलेलंच नव्हतं. १९५५ मध्ये जागा शोधली गेली ती आर-७ या आंतरखंडीय क्षेपणास्त्राच्या चाचण्यांसाठी. जनरल वासिली वोझन्यूक यांच्या समितीपुढे अटी होत्या. क्षेपणास्त्र पूर्वेला सहा हजारांहून अधिक किलोमीटर जाऊन कामचात्काच्या निर्जन भागात पडलं पाहिजे. वाटेत टप्पे पडतील तिथे वस्ती विरळ हवी. त्या काळचं मार्गदर्शन रेडिओवर चालायचं, त्यामुळे प्रक्षेपणस्थळाच्या दोन्ही बाजूंना दूरवर रेडिओ ठाणी हवीत आणि मध्ये डोंगर नको. त्याखेरीज पाणी आणि रेल्वे.

या सगळ्यात बसलं कझाकस्तानच्या स्तेपीतलं त्युरातम हे छोटं स्टेशन. ते मॉस्को-ताश्कंद लोहमार्गावर होतं आणि शेजारून सीर दर्या नदी वाहत होती. १२ फेब्रुवारी १९५५ रोजी निर्णय झाला, आणि बांधकामाची माणसं तर त्याआधीच, जानेवारीत, पोचू लागली होती. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी तंबूंत आणि रेल्वेच्या डब्यांत दिवस काढले. तिथला हिवाळा उणे चाळीसपर्यंत उतरतो आणि उन्हाळा चाळिशीच्या वर चढतो. गिओर्गी शुबनिकोव यांच्या देखरेखीखाली दोन वर्षांत प्रचंड खड्डा खणून त्यावर प्रक्षेपण मंच उभा राहिला. १५ मे १९५७ ची पहिली चाचणी फसली, २१ ऑगस्टची जमली आणि ४ ऑक्टोबरला तिथूनच स्पुटनिक गेला.

दुर्गम ठिकाण म्हणजे कुठेच न जोडलेलं ठिकाण, अशी आपली समजूत असते. बैकोनूर ती खोडून काढतं. आगगाडी नसती तर ते झालंच नसतं, कारण तिथे आजही रॉकेट आडवं निजवून रेल्वेनेच मंचापर्यंत नेतात.

राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयुझ टी-११ मधून गेले तेही इथूनच. आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए देखील १७ मार्च १९८८ रोजी इथूनच सुटला. आर्यभट्ट मात्र बैकोनूरचा नव्हे. तो १९ एप्रिल १९७५ रोजी व्होल्गाकाठच्या कापुस्टिन यार या दुसऱ्या केंद्रातून गेला. या दोन्हींची गल्लत फार होते.

खरं बैकोनूर गाव तिथे नाहीच म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. मूळ बैकोनूर ही खाणकामगारांची वस्ती होती, प्रक्षेपण केंद्राच्या ईशान्येला सुमारे ३२० किलोमीटरवर. १९६१ मध्ये गागारिनच्या उड्डाणाचा जागतिक विक्रम नोंदवताना ठिकाण लिहिणं भाग होतं. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी जवळच्या स्टेशनाऐवजी या लांबच्या गावाचं नाव दिलं, म्हणजे शत्रूला खरी जागा कळू नये.

त्याचा उपयोग मात्र शून्य झाला. अमेरिकेच्या यू-२ या हेरगिरीच्या विमानाने १९५७ च्या ऑगस्टमध्येच रुळांचा माग काढत ते केंद्र शोधून छायाचित्रं घेतली होती. आणि अमेरिकी विश्लेषकांना त्युरातम हे नाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका जर्मन लष्करी नकाशावर सापडलं होतं. शेजारी वसलेल्या शहराचं नाव लेनिन्स्क होतं, ते १९९५ मध्ये अधिकृतपणे बैकोनूर करण्यात आलं. सोव्हिएत संघ फुटल्यावर केंद्र कझाकस्तानच्या भूमीवर राहिलं. रशिया ते वर्षाला ११.५ कोटी डॉलर भाड्याने वापरतो आणि हा करार २०५० पर्यंतचा आहे.

२४ ऑक्टोबरला बैकोनूरहून रॉकेट का सोडत नाहीत?

२४ ऑक्टोबर १९६० रोजी आर-१६ हे नवं क्षेपणास्त्र इंधन भरून मंचावर उभं होतं. दुरुस्ती चालू होती, घाई होती आणि माणसं अवतीभवती कामात होती. अचानक दुसऱ्या टप्प्याचं इंजिन पेटलं. क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल मित्रोफान नेडेलिन मंचाजवळ खुर्ची टाकून बसले होते, तेही गेले. मृतांचा आकडा आजही एकच सांगितला जात नाही. कुठे ७४, तर कुठे शंभरच्या वर. क्षेपणास्त्राचे रचनाकार मिखाईल यांगेल सिगारेट ओढायला बंकरमध्ये गेले होते म्हणून वाचले. नेडेलिन विमान अपघातात गेल्याचं जाहीर करण्यात आलं आणि खरी हकीकत सोव्हिएत वाचकांना १९८९ मध्ये कळली.

तीन वर्षांनी त्याच तारखेला तिथे भूमिगत तळात आग लागून पुन्हा माणसं मेली. तेव्हापासून त्या दिवशी तिथे प्रक्षेपण होत नाही. दूरवरच्या जागेचा हा दुसरा चेहरा आहे. जे शहराजवळ लपवता आलं नसतं ते तिथे तीस वर्षं लपलं, आणि त्या कुटुंबांना आपल्या माणसाबद्दल उघडपणे बोलताही आलं नाही.

अख्खं प्रक्षेपण केंद्र जगापासून लपवता येतं का?

प्रयत्न झाला. आर्खांगेल्स्क प्रांतातल्या जंगलात प्लेसेत्स्क इथे आधी क्षेपणास्त्रांचा तळ होता. १७ मार्च १९६६ रोजी तिथून पहिला उपग्रह, कॉसमॉस-११२, सुटला. सोव्हिएत संघाने केंद्राचा उल्लेखही केला नाही. इंग्लंडमधल्या केटरिंग इथल्या शाळेत जेफ्री पेरी नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन साध्या रेडिओवर उपग्रहांचे संदेश ऐकत असत. त्यांनी काही कॉसमॉस उपग्रहांचे मार्ग मागे मागे नेऊन पाहिले, तर ते बैकोनूरला न मिळता उत्तरेत एका जागी छेदत होते. अशा रीतीने एका गुप्त केंद्राचा पत्ता शाळकरी मुलांनी जगाला दिला. सोव्हिएत संघाने ते मान्य केलं १९८३ मध्ये.

मला शिक्षकांना ही गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. त्या मुलांकडे होता एक रेडिओ, एक घड्याळ आणि हिशोब करायची चिकाटी.

त्याच प्लेसेत्स्कला १८ मार्च १९८० रोजी इंधन भरताना स्फोट होऊन ४८ जण मरण पावले. ठपका आधी मेलेल्यांवरच ठेवला गेला. फिल्टरच्या जोडकामात वापरलेल्या शिशामुळे हे घडल्याचं बऱ्याच वर्षांनी मान्य झालं.

थुंबाला चर्चमध्ये अवकाश केंद्र सुरू झालं, ही केवळ आख्यायिका आहे का?

नाही, चर्चची इमारत आजही उभी आहे आणि तिथे अवकाश संग्रहालय आहे.

तिरुवनंतपुरमजवळच्या या कोळीवाड्यावरून पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त जातं. या रेषेच्या वर, सुमारे शंभर-एकशे दहा किलोमीटर उंचीवर, विजेचा एक प्रवाह दिवसा पूर्वेकडे वाहतो. विमान आणि फुगे तिथवर पोचत नाहीत, उपग्रह त्याच्या बरेच वर फिरतात. तिथे उपकरण न्यायचं तर छोटं साउंडिंग रॉकेट, म्हणजे उपकरणं वर नेऊन काही मिनिटांत खाली पडणारं रॉकेट, हाच मार्ग. विक्रम साराभाई आणि होमी भाभा यांनी थुंबा निवडलं ते या कारणाने.

त्या जमिनीत सेंट मेरी मॅग्डलीन चर्च होतं, बिशपचं घर होतं आणि कोळ्यांची घरं होती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी साराभाईंना लगेच शब्द दिला नाही. रविवारच्या प्रार्थनेला सगळं गाव जमलं तेव्हा त्यांनी लोकांपुढे विषय मांडला आणि लोकांनी होकार दिला, असं सांगितलं जातं. चर्चमध्ये कार्यालय आणि प्रयोगशाळा आली, बिशपच्या घरात कार्यशाळा. गावकऱ्यांना दुसरीकडे वसवलं आणि नवं चर्च बांधून दिलं.

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी पहिलं रॉकेट सुटलं. रॉकेट अमेरिकेचं नाइके-अपाची, त्यातलं सोडियमच्या वाफेचं उपकरण फ्रान्सचं. वर गेल्यावर मावळतीच्या उजेडात सोडियमचा नारिंगी ढग पसरला आणि केरळभर लोकांनी तो पाहिला. सायकलच्या कॅरिअरवरून रॉकेटचा शंकू नेतानाचं छायाचित्र याच काळातलं. २ फेब्रुवारी १९६८ रोजी इंदिरा गांधींनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण केलं, म्हणजे कुठल्याही देशाच्या शास्त्रज्ञांना ते खुलं झालं.

साराभाई आणि भाभांबरोबर या गोष्टीत बिशपनाही स्थान मिळतं, हे चांगलंच आहे. पण ज्यांनी समुद्राकाठची घरं सोडली त्या कोळी कुटुंबांची नावं कुठे आहेत? रोज ज्या वाळूवर होड्या ओढायच्या ती वाळू त्यांनी दिली. माझ्या मते हे त्या दिवसांतलं सगळ्यात मोठं योगदान होतं.

थुंबा पश्चिम किनाऱ्यावर आहे. मग कोकणात प्रक्षेपण केंद्र का नाही?

हा प्रश्न रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून हमखास येतो. थुंबाची रॉकेटं सरळ वर जातात, काही मिनिटांत अरबी समुद्रात पडतात. त्यांना कक्षेत जायचं नसतं, म्हणून पश्चिम किनारा चालतो.

उपग्रह सोडायचा तर रॉकेट पूर्वेला न्यायला हवं. कोकणातून पूर्वेला नेलं की टप्पे सह्याद्रीच्या पलीकडे, सातारा-सांगली-सोलापूरच्या शेतांवर पडतील. पश्चिमेला नेलं तर पृथ्वीचा वेग फायद्याचा न राहता उलट भरून काढावा लागतो. रत्नागिरीच्या अक्षांशावर तो सेकंदाला ४४५ मीटरच्या आसपास आहे, म्हणजे पूर्वेच्या तुलनेत जवळजवळ ९०० मीटरचा तोटा. इस्रायल हा तोटा सोसतो. पूर्वेला शेजारी देश असल्यामुळे १९८८ पासून तो पालमाखिमहून भूमध्य समुद्रावर, पश्चिमेलाच उपग्रह सोडतो. आपल्याला बंगालचा उपसागर मोकळा असताना तसं करायचं कारण नाही.

श्रीहरिकोटा कुणी शोधलं? त्यात मराठी माणसाचा हात होता का?

होता, आणि मोठा होता. एकनाथ वसंत चिटणीस यांचा जन्म १९२५ मध्ये कोल्हापूरला झाला. ते वैश्विक किरणांचे अभ्यासक आणि साराभाईंचे सुरुवातीपासूनचे सहकारी. थुंबाची जागा पाहण्यात ते होते आणि पूर्व किनाऱ्यावर उपग्रह प्रक्षेपणासाठी जागा शोधण्याचं कामही साराभाईंनी त्यांच्यावर सोपवलं. १९६९ मध्ये श्रीहरिकोटा निश्चित झालं. पुढे चिटणीस अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक झाले, १९८५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि वयाची शंभरी पूर्ण करून ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. महाराष्ट्रातल्या शाळेच्या पुस्तकात हे नाव ठळकपणे यायला हवं असं मला मनापासून वाटतं. घन इंधनावर मूलभूत काम करणारे आणि विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झालेले वसंत गोवारीकर आपल्याला माहीत असतात, चिटणीस बहुतेकांना नाहीत.

श्रीहरिकोटा हे पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामधलं लांबट बेट. त्यावर जंगल होतं, सुरूची लागवड होती आणि मद्रासला तिथून जळाऊ लाकूड जायचं. बेटावर यानादी आदिवासी राहत. कंदमुळं, शिकार, खाडीतले मासे आणि औषधी वनस्पतींचं ज्ञान यावर त्यांचं जगणं होतं. केंद्र आलं तेव्हा त्यांच्या वस्त्या हलवल्या गेल्या. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी रोहिणी-१२५ हे छोटं रॉकेट सुटलं. एसएलव्ही-३ या आपल्या पहिल्या उपग्रह नेणाऱ्या रॉकेटचा १० ऑगस्ट १९७९ चा पहिला प्रयत्न समुद्रात गेला, आणि १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला. २००२ पासून केंद्राला सतीश धवन यांचं नाव आहे.

स्थानिक लोकांनी नकार दिला आणि सरकारला माघार घ्यावी लागली, असं कधी झालं का?

आपल्याच देशात झालं, उपग्रहांसाठी नव्हे तर क्षेपणास्त्र चाचणीसाठी. ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात बलियापाल इथे १९८० च्या दशकाच्या मध्यात राष्ट्रीय चाचणी तळ उभारायचं ठरलं. तो भाग मोकळा नव्हताच. सुपीक जमीन, विड्याच्या पानांचे मळे, भात, नारळ आणि मासेमारी. गावांनी रस्त्यांवर अडथळे उभे केले. सरकारी गाड्या दिसल्या की शंख फुंकून आणि थाळ्या वाजवून इशारा द्यायचा आणि बायकामुलांसकट सगळ्यांनी रस्त्यावर येऊन बसायचं. वर्षानुवर्षं हे चाललं आणि तिथला तळ शेवटी झाला नाही.

ऑस्ट्रेलियातल्या वूमेराबद्दल इतकं का लिहिलं जातं?

कारण तिथे 'रिकामी जमीन' हा समज सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. १९४७ मध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात हा तळ सुरू केला. आज कमी झाल्यावरही त्याचं निषिद्ध क्षेत्र सुमारे १ लाख २२ हजार चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून जास्त. रॉकेटांचा मार्ग वायव्येला खंडाच्या पार टोकापर्यंत आखला होता. लेन बीडेल या सर्वेक्षकाने त्या वाळवंटात हजारो किलोमीटरचे कच्चे रस्ते काढले.

त्या रेषेखाली कोकथा, पित्जंत्जत्जारा, मार्तु अशा आदिवासी समाजांची भूमी होती. ॲडलेडचे डॉक्टर चार्ल्स डुगिड यांनी सुरुवातीलाच जाहीर विरोध केला. सरकारने त्यावर काढलेला उपाय म्हणजे वॉल्टर मॅकडुगल हा एक गस्त अधिकारी. कित्येक राज्यांएवढ्या प्रदेशात विखुरलेल्या माणसांना एका माणसाने सावध करायचं होतं.

५ जून १९६४ रोजी ब्लू स्ट्रीक हे ब्रिटिश रॉकेट पहिल्यांदा सुटलं. त्याचे अवशेष पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटात पडण्याची शक्यता होती, म्हणून त्याआधी पर्सिव्हल लेक्स भागात माणसं आहेत का हे पाहायला मॅकडुगल आणि त्यांचे सहकारी गेले. तिथे सुमारे वीस मार्तु बायका आणि मुलं होती. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांतल्या एका किशोरवयीन मुलीने पुढे मोठेपणी ते दिवस सविस्तर सांगितले आहेत. पहिला ट्रक दिसला तेव्हा खडकच चालत येतोय असं तिला वाटलं. तो गट कित्येक आठवडे लपत, पळत राहिला. शेवटी त्या सगळ्यांना जिगलाँगच्या मिशनवर नेण्यात आलं. म्हणजे एका रॉकेटच्या संभाव्य तुकड्यांसाठी त्या वाळवंटातलं त्यांचं जगणं संपलं.

वूमेराचा अवकाशातला हिशोब मात्र छोटा आहे. २९ नोव्हेंबर १९६७ रोजी ऑस्ट्रेलियाचा रेसॅट उपग्रह गेला. २८ ऑक्टोबर १९७१ रोजी ब्रिटनने स्वतःच्या ब्लॅक ॲरो रॉकेटने प्रॉस्पेरो उपग्रह सोडला, तोही रॉकेटचा कार्यक्रम बंद केल्याची घोषणा झाल्यानंतर तीन महिन्यांनी. युरोपची रॉकेटं तिथून निघून कुरूला गेली. अलीकडे जपानच्या हायाबुसा यानांच्या कुप्या, २०१० आणि २०२० मध्ये, वूमेराच्याच वाळवंटात उतरल्या.

फ्रान्सचं केंद्र दक्षिण अमेरिकेत कसं?

फ्रान्स आधी सहारातून, अल्जीरियातल्या हम्मागीर इथून रॉकेटं सोडत असे. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि करारानुसार १९६७ पर्यंतच तळ वापरायची मुभा मिळाली. तेवढ्या अवधीत, २६ नोव्हेंबर १९६५ रोजी, फ्रान्सने आपला पहिला उपग्रह ॲस्टेरिक्स सोडून घेतला. दुसरीकडे १४ ठिकाणांची यादी करून १९६४ मध्ये फ्रेंच गयानातलं कुरू निवडलं. विषुववृत्तापासून पाच अंशांवर, पूर्वेला आणि उत्तरेला मोकळा समुद्र, चक्रीवादळं नाहीत, आणि ती अजूनही फ्रान्सचीच भूमी. ९ एप्रिल १९६८ रोजी तिथून पहिलं रॉकेट गेलं.

फ्रान्स जिथे कैदी पाठवत असे तो हाच मुलूख. कुख्यात डेव्हिल्स आयलंड केंद्रासमोरच्या समुद्रात आहे. केंद्रासाठी किनाऱ्यावरच्या क्रिओल आणि मूळनिवासी कुटुंबांना, शेकडो माणसांना, जमिनीवरून उठवलं गेलं. भारताचा ॲपल उपग्रह १९ जून १९८१ रोजी इथूनच युरोपच्या एरियान रॉकेटने नेला आणि नंतर आपले अनेक इन्सॅट, जीसॅट इथून गेले. जेम्स वेब दुर्बीणही, २५ डिसेंबर २०२१ ला. पण २०१७ च्या वसंतात गयानाचे लोक रस्त्यावर उतरले, केंद्राचा रस्ता अडवला आणि एरियानचं उड्डाण कित्येक आठवडे थांबलं. कुंपणाच्या आत अब्जावधी युरोंची यंत्रणा आणि बाहेर दवाखाना, शाळा, सुरक्षितता यांची वानवा, ही त्यांची तक्रार होती. ती रास्तच होती.

हलवलेल्या लोकांना कधी न्याय मिळाला का?

क्वचित. ब्राझीलच्या अल्कांतारा केंद्रासाठी १९८० च्या दशकात ३१२ किलोंबोला कुटुंबांना, म्हणजे पळून मुक्त झालेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांना, समुद्रापासून आत हलवलं. मासेमारीवर जगणारी माणसं समुद्रापासून दूर गेली. त्यांनी लढा सोडला नाही, आणि मार्च २०२५ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने ब्राझील सरकारला दोषी ठरवलं. त्याच केंद्रात २२ ऑगस्ट २००३ रोजी मंचावर रॉकेट पेटून २१ तंत्रज्ञ गेले होते.

समुद्र नसेल तर टप्पे लोकवस्तीवर पडतात का?

पडतात. चीनने शीतयुद्धाच्या काळात केंद्रं मुद्दाम देशाच्या आत ठेवली. गोबी वाळवंटातलं जिउक्वान १९५८ चं. त्यासाठी मंगोल पशुपालकांना हलवलं होतं. शिचांग सिच्वानच्या डोंगरांत आहे. १५ फेब्रुवारी १९९६ रोजी शिचांगहून सुटलेलं लाँग मार्च ३बी काही सेकंदांतच कलंडून डोंगराकडेच्या वस्तीवर आदळलं. सरकारने सहा मृत्यू जाहीर केले, बाहेरच्या अनेकांना तो आकडा पटलेला नाही. हैनान बेटावरचं वेनचांग केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं, तिथून टप्पे समुद्रात पडतात. पण जुनी केंद्रं चालूच आहेत आणि गावांजवळ टप्पे पडण्याचे प्रकारही थांबलेले नाहीत.

कझाकस्तानातही हे दुखणं जुनं आहे. प्रोटॉन रॉकेटचं इंधन अत्यंत विषारी. १९९९ मध्ये दोन प्रोटॉन कोसळल्यावर कझाकस्तानने उड्डाणं थांबवली होती. २ जुलै २०१३ रोजी आणखी एक प्रोटॉन केंद्राजवळच पडलं, शेकडो टन इंधनासकट.

समुद्रातूनच रॉकेट सोडलं तर?

तेही झालं आहे. इटलीने केनियातल्या मालिंदीजवळ समुद्रात सान मार्को हा फलाट उभारला. १२ डिसेंबर १९७० रोजी, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, तिथून क्ष-किरण पाहणारा पहिला खास उपग्रह गेला. स्वाहिलीत स्वातंत्र्याला उहुरू म्हणतात, तेच नाव त्याला दिलं. पुढे १९९९ ते २०१४ या काळात सी लाँच कंपनी पॅसिफिकमध्ये थेट विषुववृत्तावर तरंगता मंच नेऊन रॉकेटं सोडत असे.

तमिळनाडूत दुसरं केंद्र कशाला?

श्रीहरिकोटाहून दक्षिणेला ध्रुवीय कक्षेत जायचं तर वाटेत श्रीलंका येते. पीएसएलव्ही समुद्रावरून वळसा घेतं आणि त्यात इंधन जातं. मोठ्या रॉकेटला ते झेपतं, छोट्या एसएसएलव्हीचा मात्र बराचसा भार त्यातच जातो. तूतुकुडी जिल्ह्यातल्या कुलशेखरपट्टणमहून थेट दक्षिणेला समुद्र मोकळा आहे, श्रीलंका पूर्वेला राहते. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथे पायाभरणी झाली.

श्रीहरिकोटाला जाऊन प्रक्षेपण पाहता येतं का?

येतं. २०१९ पासून तिथे सुमारे पाच हजार माणसं बसतील अशी प्रेक्षक गॅलरी आहे. प्रक्षेपणाची तारीख जाहीर झाली की इस्रोच्या संकेतस्थळावर नोंदणी उघडते. ती लवकर भरते, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. नोंदणी मोफत असते, ओळखपत्र सोबत लागतं. मुंबई-पुण्याहून चेन्नईला उतरून लोकल गाडीने सुळ्ळूरपेट गाठावं, तिथून रस्ता पुलिकत सरोवरातून बेटाकडे जातो. तारीख आयत्या वेळी पुढे जाऊ शकते, तेव्हा परतीचं तिकीट एक-दोन दिवस राखून काढा. हिवाळ्यात गेलात तर सरोवरात रोहित पक्ष्यांचे थवे असतात, त्यासाठी दुर्बीण घ्या.